चकाकी सोडा, कार्ड उलटून बघा

हॉकीच्या कार्डांशी बेळगावच्या बाईचा काय संबंध, ते आधी सांगून टाकते. शहापुरात आमचा छापखाना आहे. मशीनवर यजमान असतात आणि कटिंगवरून आलेला माल चेक करून पास करायचं काम माझ्याकडं. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, कुंद्याची खोकी, निवडणूक आली की पत्रकं. बहिणीचा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो आणि तिथं गेल्यावर त्याला आइस हॉकीच्या कार्डांचा, म्हणजे पाकिटातून निघणारी खेळाडूंच्या फोटोंची कार्डं जमवायचा, नाद लागला. आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र. मी चहा ठेवते तेवढ्यात व्हिडिओ कॉल येतो, कार्ड कॅमेऱ्यापुढं धरतो आणि म्हणतो, "मावशी, हे बघ की. हाय-एंड म्हणायचं काय हे?" हाय-एंड म्हणजे जमवणाऱ्यांच्या लेखी सगळ्यांत वरच्या दर्जाचं.

खेळातलं मला काही कळत नाही. आमच्याकडं हॉकी म्हणजे मैदानातली. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला सोनं आणणाऱ्या संघातले बंडू पाटील बेळगावचेच. बर्फावरच्या हॉकीत तो काळा पक, म्हणजे चेंडूच्या जागची चकती, कुणाच्या काठीला आहे हेच मला अजून दिसत नाही. खरं कागद, शाई, फॉइल, डाय, कटिंग यातलं कळतं, आणि या कार्डांच्या धंद्यातली निम्मी फसवाफसवी तिथंच होते. आपली पोरं आता टोरांटो-ब्रॅम्प्टनकडं बरीच आहेत, इथं बसून ईबेवरून मागवणारेही भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहायलेय.

माझी कसोटी एकच. कंपनीच्या मनात आलं असतं तर आणखी दहा हजार छापून टाकता आलं असतं असं कार्ड कितीही झगझगीत असो, मी त्याला हाय-एंड म्हणत नाही. ज्यात छापखान्याच्या हातात नसलेलं काहीतरी आहे, म्हणजे खेळाडूच्या हातची सही, त्याच्या अंगावरचं कापड, ठराविकच छापून बंद केलेली मोजणी, किंवा चाळीस-पन्नास वर्षं कोपरा न दुमडता टिकलेला कागद, तिथून पुढं बोलायचं.

झगझगाट

नव्या माणसाला पहिल्यांदा भुरळ पडते ती फॉइलची. इंद्रधनुष्यासारखं चमकणारं, हलवलं की रंग बदलणारं, वर उठावदार अक्षरं. यातलं बहुतेक सगळं आम्ही पत्रिकांवर करून देतो. फॉइलचा रोल गरम डायखाली दाबला की सोनेरी अक्षर उठतं, स्पॉट यूव्ही मारलं की नाव तेवढं चकाकतं, पारदर्शक प्लास्टिकवर छापलं की काच असल्याचा भास होतो. गिऱ्हाईक खूश होतं, आमचा खर्च मात्र नगाला किरकोळ वाढतो. कार्डाच्या कंपनीचंही तसंच. पाकिटागणिक एखादं चमकणारं कार्ड निघतं ते निघायलाच ठेवलेलं असतं, कारण पाकीट फोडणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटायला हवं.

जाडीचंही तेच. हॉकीचं साधं कार्ड अडीच इंच बाय साडेतीन इंच, आणि जाडीला ३५ पॉइंटच्या आत, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. महागड्या सेटमधली कार्डं १३० किंवा १८० पॉइंटची, हातात घेतली की बिस्किटाएवढी जाड. ही जाडी येते कारण आत कापडाचा तुकडा बसवायला जागा लागते. खालचा थर, खिडकी पाडलेला मधला थर, वरचा थर अशी ती चिकटवतात. जाडी दिसली म्हणजे आत काय आहे ते विचारायचं. आत साधं एकरंगी कापड असेल तर नुसत्या जाडीला काही भाव नाही.

कोण आणि कुठल्या सालचं

खेळाडू कोण, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं त्यानंतर. चौथ्या फळीतल्या कुणाचं कार्ड एकुलतं एक असलं तरी ते घेणारा पण एकुलता एकच असतो, आणि तो बहुधा त्याचा काका. जुन्यात गॉर्डी हाउ, मॉरिस रिशार, बॉबी ऑर, वेन ग्रेट्झ्की. नव्यात सिडनी क्रॉस्बी, अलेक्झांडर ओवेच्किन, कॉनर मॅकडेव्हिड. ओवेच्किननं एप्रिल २०२५ मध्ये ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. इतकी मोठी नावं असली की कार्डाला पुढच्या पिढीतही गिऱ्हाईक राहतं.

दुसरं, ते त्याचं पहिल्या वर्षाचं, म्हणजे रूकी कार्ड आहे का. २००४-०५ चा हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात अख्खा रद्द झाला, त्यामुळं क्रॉस्बी आणि ओवेच्किन दोघंही २००५-०६ मध्येच एनएचएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, उतरले. त्या एका वर्षाची कार्डं म्हणून अजून शोधली जातात. मॅकडेव्हिडचं वर्ष २०१५-१६, कॉनर बेडार्डचं २०२३-२४.

इथं एक गोंधळ सगळेच करतात. अपर डेक कंपनीच्या मुख्य सेटमध्ये 'यंग गन्स' नावाची रूकी कार्डं येतात. सरासरी चार पाकिटांत एक. क्रॉस्बीचं यंग गन्स २०१ नंबरचं, मॅकडेव्हिडचंही २०१, ओवेच्किनचं ४४३. सगळ्यांना हवं असतं, पटकन विकलं जातं, मोठ्या नावाचं असेल तर चांगलं महागही असतं. पण हाय-एंड? त्यावर किती छापली याचा आकडा नाही, सही नाही, कापड नाही. कंपनीनं ती भरपूर छापली, आणि छापायलाच हवी होती, नाहीतर पोरांना मिळाली नसती. हा नाण्यासारखा चालणारा माल आहे. भाच्याला मी सांगते, शिकायला यंग गन्स घे, पण त्याला दागिना म्हणू नको. त्याच फोटोचं 'एक्स्क्लुझिव्ह' आलं तर ते १०० च छापलेलं, आणि 'हाय ग्लॉस' तर फक्त १०. फोटो तोच, मांडणी तीच, पण त्या १० च्या नंबरावर गोष्ट फिरते.

आणि १९९०-९१ पासूनच्या दोन-चार वर्षांतली पेटी भरून कार्डं कुणी देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. त्या काळात अपर डेक, स्कोअर, प्रो सेट, ओ-पी-ची, बोमन सगळ्यांनी रीमच्या रीम छापून ठेवल्या. कॅनडात घरोघरी तळघरात ती अजून पडून आहेत. भाच्याच्या घरमालकानं त्याला एक खोकं फुकट दिलं. फुकटच बरं.

नंबर, आणि आमच्या भंगारातल्या प्लेटा

कार्डावर कुठंतरी, बहुधा फॉइलमध्ये, ३७/९९ असा आकडा असतो. म्हणजे ९९ छापली, त्यातलं हे ३७ वं. अपर डेकनं २००५-०६ मध्ये 'द कप' नावाचा सेट काढला. पत्र्याच्या डब्यात मोजकी कार्डं आणि किंमत शेकडो डॉलर. त्या वर्षीची क्रॉस्बी आणि ओवेच्किनची सही-कापडवाली रूकी कार्डं प्रत्येकी फक्त ९९. हॉकीच्या नव्या कार्डांत हाय-एंड कशाला म्हणायचं याची फूटपट्टी आजही तीच आहे. मॅकडेव्हिडचं २०१५-१६ चं 'द कप' कार्डही ९९ चंच.

९९ मधली सगळी सारखीच छापलेली, तरी सगळ्यांचा भाव सारखा नसतो. क्रॉस्बीच्या जर्सीचा नंबर ८७. त्यामुळं ८७/९९ लिहिलेलं त्याचं कार्ड घेणारे जास्त पैसे मोजतात. ओवेच्किनचा ८, मॅकडेव्हिडचा ९७. पहिलं आणि शेवटचं, म्हणजे १/९९ आणि ९९/९९, यांनाही मागणी असते. मला यात फारसा अर्थ वाटत नाही, पण वाहनाला ठराविक नंबर मिळावा म्हणून आरटीओत पैसे भरणारी माणसं आपल्याकडं आहेतच, त्यामुळं हसायला जागा नाही.

'वन ऑफ वन', म्हणजे एकच छापलेलं, हे ऐकून उडी मारू नका. कशातलं एक, ते विचारा. हल्ली एकाच फोटोची निळी, हिरवी, जांभळी, सोनेरी अशी रंगांची रांग असते आणि त्या रांगेच्या टोकाला एक १/१ असतं. असे पाच-सहा सेट एका वर्षात निघाले की एका खेळाडूची १/१ कार्डंच ढीगभर होतात. त्यातल्या सगळ्यांत मजेशीर म्हणजे छपाईच्या प्लेटा. निळा, मजेंटा, पिवळा, काळा, अशा चार रंगांच्या चार प्लेटा लागतात. काम झाल्यावर आम्ही त्या ॲल्युमिनियमच्या भावानं किलोवर भंगारात घालतो. तिकडं कंपन्या तीच प्लेट कार्डाच्या मापात कापून, मागं लेबल चिकटवून, १/१ म्हणून पाकिटात घालतात. एका कार्डाच्या चार प्लेटा, चारही 'एकमेव'! यजमानांना सांगितलं तर ते दिवसभर भंगारवाल्याच्या नावानं हळहळत होते. संग्रहात एखादी मौज म्हणून ठेवावी. खेळाडूची सही असलेल्या ९९ च्या कार्डाशी तिची बरोबरी नाही.

नंबर कसा उमटलाय तेही बघा. फॉइलचा शिक्का दाबून येतो, त्यामुळं बोटाला अगदी हलका खोलगटपणा लागतो, आणि उजेडात तिरपं धरलं की अंक एकसारखे चमकतात. अंकाची कड खरवडलेली किंवा खालचा कागद त्याच जागी निस्तेज दिसला, तर कुणीतरी पुसून परत उमटवलंय असं समजा.

सही

सही दोन प्रकारे येते. एक, कार्ड खेळाडूकडं पाठवतात आणि तो थेट त्यावर करतो. दुसरी, पारदर्शक स्टिकरचा गठ्ठा पाठवतात, तो एका बैठकीत शेकडो सह्या करतो आणि कंपनी नंतर ते स्टिकर कार्डावर चिकटवते. दोन्ही सह्या खऱ्याच. पण हाय-एंडमध्ये थेट कार्डावरचीच हवी, आणि माझं मतही तेच. स्टिकरवर सही करताना ती कुठल्या कार्डावर जाणार हे त्या माणसालाही ठाऊक नसतं.

ओळखायला सोपं आहे. खिडकीजवळ जा, कार्ड डोळ्याच्या रेषेत आडवं धरा आणि हळूहळू फिरवा. स्टिकर असेल तर सहीभोवती चौकोनाची कड एका क्षणाला चमकून दिसते. थेट सही असेल तर शाई सरळ कागदावर बसलेली, आणि पेन जिथं टेकलं तिथं थोडी जाड. मग सहीचा दर्जा बघा. चकचकीत कोटिंगवर पेन घसरतं, अर्धवट रेघा उमटतात, बोट लागून शाई पसरते. अक्षर सलग, गडद आणि फ्रेममध्ये पूर्ण बसलेलं असेल तर त्याला जास्त भाव.

पाकिटातून कधी कधी कार्डाऐवजी एक कूपन निघतं, कारण खेळाडूनं वेळेत सही करून पाठवलेली नसते. ते कंपनीकडं नोंदवून नंतर कार्ड मागवायचं. कूपनला मुदत असते. जुनं, न वापरलेलं कूपन कुणी 'ग्रेट डील' म्हणून विकत असेल तर मुदत संपली आहे का ते आधी बघा.

कापडाची भानगड

कार्डाच्या मध्यावर खिडकी पाडून खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवतात. नुसतं एकरंगी, जाळीदार कापड असेल तर त्याला कुणी फारसं विचारत नाही. जर्सीवरच्या नंबराचा, लोगोचा, नावाच्या अक्षराचा तुकडा असेल, दोन-तीन रंग आणि टाके दिसत असतील, तर त्याला पॅच म्हणतात आणि तिथून किंमत चढते. सगळ्यांत वरचा तुकडा म्हणजे जर्सीच्या गळ्याशी असणारी एनएचएलची ढाल. ती अख्खी कापून लावलेली कार्डं १/१ च असतात.

इथं कार्ड उलटं करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. मी तर गिऱ्हाइकाला सांगते की पत्रिका पुढून सुंदर असते आणि मागून खरी असते. मागं काय लिहिलंय यावर सगळं आहे. खेळाडूनं प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी, असं स्पष्ट असेल तर ते सर्वांत चांगलं. फोटोसेशनला किंवा कार्यक्रमात घातलेली, असं असेल तर त्यानं ती काही मिनिटं अंगावर चढवली, फोटो काढला आणि उतरवली. नव्या खेळाडूंना दरवर्षी एकत्र बोलावून त्यांना जर्सी घालायला लावतात. रूकी कार्डांत असं कापड चालवून घेतात, कारण पहिल्या सामन्याच्या आधीच माल गोळा करावा लागतो. आणि कुठल्याही ठराविक सामन्याशी, हंगामाशी किंवा कार्यक्रमाशी संबंध नाही, असं लिहिलं असेल तर ते कापड म्हणजे कापड. घाम नाही, ओरखडा नाही, काही नाही.

भाच्यानं मागच्या वर्षी एका विक्रेत्याकडून ९९ पैकी एक असं रूकी कार्ड घ्यायचं ठरवलं होतं. फोटोत पॅच तीनरंगी, टाके कसे टपोरे. मी म्हटलं, "खिडकीची कड दाखव." त्यानं विक्रेत्याकडून मोठा फोटो मागवला. कारखान्यात डायनं पाडलेल्या खिडकीची कड चारही बाजूंनी सारखी तुटते, कागदाचे तंतू एकाच दिशेला दबलेले असतात. या खिडकीची खालची कड फुगलेली होती, एका कोपऱ्यात कागद उकलून परत चिकटवल्यासारखा, आणि गोंदाची बारीक चकाकी वरपर्यंत आलेली. साधं कापड काढून तिथं भारी पॅच बसवायचा हा जुना धंदा आहे.

मग खात्री कशी करायची? नंबर असलेल्या कार्डाचा इथं मोठा फायदा आहे. ३७/९९ हे जगात एकच आहे. ते पूर्वी कधी विकलं गेलं असेल तर लिलावाच्या साइटवर त्याचा जुना फोटो बहुधा सापडतो. भाच्यानं तासभर शोधलं आणि सापडलाच: तोच नंबर, तीच सही, आणि खिडकीत साधं पांढरं कापड. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्यानं उत्तर दिलं नाही, लिस्टिंग काढून टाकलं. पॅच कार्ड घ्यायचं असेल तर हे शोधणं टाळू नका. विक्रेता कितीही गोड बोलू दे.

जुनी कार्डं, ज्यांना चकाकीच नाही

आता उलटी बाजू. १९७९-८० सालचं ओ-पी-चीचं १८ नंबरचं कार्ड, वेन ग्रेट्झ्कीचं रूकी. सही नाही, कापड नाही, फॉइल नाही, नंबर नाही. साधा पुठ्ठा. ओ-पी-ची ही कॅनडातल्या लंडन, ओंटॅरिओची गोळ्या-च्युइंगगमवाली कंपनी. कार्ड गमच्या पाकिटात यायचं, आपल्याकडं नंतर बिग फनच्या गमबरोबर क्रिकेटपटू यायचे तसं. पोरांनी ती खिशात कोंबली, रबर बँड लावले, सायकलच्या चाकात अडकवली. त्यात कार्डाची किनार निळी, त्यामुळं जरा घासलं की पांढरं दिसतं. कापलेलं वाकडं, किनारी असमान. अशा सगळ्यातून, कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसए कंपनीच्या तपासणीत १० पैकी १० मिळवणारी ओ-पी-ची कार्डं दोनच. त्यातलं एक डिसेंबर २०२० मध्ये १२.९ लाख डॉलरला गेलं आणि मे २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरचा व्यवहार झाला. म्हणजे इथं मोजणी कंपनीनं बंद केली नाही, पोरांच्या खिशांनी केली.

याच कार्डाची अमेरिकन आवृत्ती टॉप्सनं काढली, नंबर तोच १८, फोटो तोच. भाव मात्र ओ-पी-चीला जास्त. फरक ओळखायला मागची बाजू बघायची: ओ-पी-चीच्या पाठीवर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही, टॉप्सवर फक्त इंग्रजी. एका पाटीवर किती भाषा असाव्यात यावर वाढलेल्या बेळगावकराला हे लगेच लक्षात राहतं. दुसरा फरक कडेला. ओ-पी-चीची कार्डं पात्यानं नव्हे तर तारेनं कापायचे, म्हणून कड खरखरीत, तंतू निघालेली. आमच्या टेबलावर असा माल आला तर मी परत पाठवीन, पण त्या काळच्या ओ-पी-चीवर ती खरखर असलेली बरी. कड पात्यासारखी गुळगुळीत असेल तर कुणीतरी नंतर छाटून कोपरे टोकदार केलेत की काय, हा संशय आधी घ्यावा. स्टीलची पट्टी लावा. उंची ८८.९ मिलिमीटर, रुंदी ६३.५. छाटलेलं कार्ड एका बाजूला तरी कमी भरतं.

त्याहून मागं गेलात तर १९६६-६७ चं टॉप्सचं बॉबी ऑर, नंबर ३५, टीव्हीच्या लाकडी खोक्यासारख्या किनारीचं. १९५१-५२ च्या पार्कहर्स्ट सेटमधली छोटी कार्डं, त्यात गॉर्डी हाउचं ६६ आणि रिशारचं ४. आणि सिगारेटच्या पाकिटातून आलेलं १९११-१२ च्या सी-५५ सेटमधलं जॉर्ज व्हेझिनाचं ३८. यांच्यात ८ किंवा ६ दर्जाचंही हाय-एंड असू शकतं. नव्या कार्डांचा नियम इथं लावू नका.

नकली मालही याच जुन्यांत जास्त. इथं माझ्या टेबलावरचं दहापट भिंग कामाला येतं, आणि ते कुठल्याही प्रेसच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ऑफसेटवर छापलेला फोटो भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांचा दिसतो, छोट्या फुलांच्या नक्षीत. पण अक्षरं, रेघा, कंपनीचा शिक्का हे एका शाईत सलग छापलेले असतात, त्यांची कड धारदार. नकली करणारा मूळ कार्ड स्कॅन करतो, आणि मग त्याच्या प्रिंटमध्ये अक्षरंसुद्धा ठिपक्यांनी बनतात, कडेला रंगांचा भुसा सांडल्यासारखा दिसतो. मागचा बारीक मजकूर भिंगाखाली धरा. सलग काळं दिसलं तर पुढं बोला, ठिपके दिसले तर कार्ड तिथंच खाली ठेवा.

दर्जाचा आकडा

पीएसए, बेकेट, एसजीसी अशा कंपन्या कार्ड तपासून जाड प्लास्टिकच्या डबीत बंद करून १ ते १० आकडा देतात. बेकेट चार गोष्टींचे वेगळे आकडे देते: चित्र मध्यभागी आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग. चारही १० असतील तर काळं लेबल, आणि ते अगदी दुर्मीळ.

मध्यभाग घरी मोजता येतो. डावी किनार २.२ मिलिमीटर, उजवी १.८. बेरीज ४, त्यात डावी ५५ टक्के, उजवी ४५. १० साठी साधारण इतपतच चालतं. कोपरे काळ्या कापडावर ठेवून बघा, पांढरा ठिपका लगेच दिसतो. पृष्ठभागावर छपाईतला दोष असू शकतो, शाईत धुळीचा कण अडकून गोल पांढरं कडं उमटतं. आम्ही त्याला हिकी म्हणतो. तो कारखान्यातूनच आलेला असला तरी आकडा खातो.

पण 'द कप'सारख्या जाड कार्डाला ९ किंवा ८.५ मिळालं म्हणून नाक मुरडू नका. थर चिकटवलेल्या जाड कार्डाची कड कटिंगच्या पहिल्या फटक्यातच फुटते. आम्ही जाड पुठ्ठ्याची पत्रिका कापताना रोज बघतो. तिथं आधी सही आणि पॅच बघायचा, मग आकडा. यंग गन्समध्ये उलटं आहे: माल मुबलक, म्हणून ९ आणि १० मध्ये मोठी दरी. डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून फोटोशी जुळवा, नकली डब्याही निघतात. तिथंच कुठल्या दर्जाची किती कार्डं आजवर तपासली गेली याचा तक्ताही मिळतो.

आमच्याकडचा पाऊस

बेळगावात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की रीम उघडी राहिली तर सकाळी कागदाच्या कडा लाटांसारख्या उठतात. कार्डही कागदच. जाड कार्डात तर थर वेगवेगळे फुगतात आणि खिडकीजवळ वाकतात. आधी मऊ पातळ पिशवी, मग कडक प्लास्टिकचं टॉपलोडर. जाड कार्डाला चुंबकाची डबी, जाडीच्या पॉइंटप्रमाणे बरोबर मापाची. ते सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात. वरच्या माळ्यावर नको, लोखंडी ट्रंकेत नको. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. रेशन कार्डापासून सगळ्याला लॅमिनेशन करायची आपल्याकडं सवय आहे. एक गृहस्थ खरोखरच अशी कार्डं घेऊन काउंटरवर आले होते. मी मशीन बंद आहे म्हणून सांगितलं.

घेण्याआधी

विक्रेत्यानं मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर विकून झालेल्या मालाचा पर्याय निवडा आणि तेच कार्ड, तोच दर्जा, मागच्या काही महिन्यांत कितीला गेलं ते बघा. नंबर घातलेलं कार्ड असेल तर त्याच कार्डाचा दुसरा एखादा नंबर कितीला गेला ते बघा.

भाच्याला मी एक मेसेज लिहून दिलाय, तो विक्रेत्यांना इंग्रजीत करून पाठवतो. हवा तर तुम्हीही वापरा:

"नमस्कार. कार्ड घ्यायचा विचार आहे. चार फोटो पाठवा: पुढची बाजू सरळ, मागची बाजू अशी की बारीक मजकूर वाचता येईल, सही तिरप्या उजेडात, आणि पॅचच्या खिडकीच्या चारही कडा जवळून. नंबराचा फोटो वेगळा. डबीत असेल तर लेबल आणि डबीच्या कडा. पूर्वी कुठून घेतलं त्याची पावती असल्यास तीही. फोटो आले की दोन दिवसांत हो किंवा नाही कळवतो."

फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढं भावाचं बोलायचंच नाही.